ब्रेक दाबला की चाकातून खरखर: पॅड बदलण्याआधी काय तपासायचं आणि घरी किती करायचं

प्रश्न असा आला आहे: "माझी २०१६ ची वॅगनआर आहे, ७० हजार किलोमीटर झालेत. मी चिपळूणला राहतो आणि दर आठवड्याला कुंभार्ली घाटातून कराडला जाणं-येणं असतं. गेल्या वर्षी पुढचे डिस्क पॅड गॅरेजमध्ये बदलून घेतले. आता पुन्हा ब्रेक दाबला की पुढच्या डाव्या चाकातून लोखंडावर लोखंड घासल्यासारखी खरखर येते. उजव्या चाकाला काही नाही. गॅरेजवाले म्हणतात, पॅड आणि दोन्ही डिस्क बदला. पॅड घरी बदलता येतील का? आणि डिस्क खरंच बदलावी लागेल का?"

पॅड घरी बदलता येतात. डिस्कचं उत्तर चाक उघडल्यावर मिळेल, ते कसं ठरवायचं हे पुढे सांगतो. पण त्याआधी, आवाज खरोखर लोखंडाचा असेल तर या गाडीने आता घाट उतरू नका. घाटमाथ्याकडच्या हेळवाककडून पायथ्याच्या पोफळीला उतरताना ब्रेकवर जो ताण येतो, तो गावातल्या गावात चालवताना कधीच येत नाही. पॅडवरचं लायनर, म्हणजे झिजणारा थर, संपलं की मागची पोलादी पट्टी थेट डिस्कला, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, भिडते. तिची पकड कमी असते आणि दर वेळी सारखीही नसते. शिवाय लायनर झिजेल तसा पॅडला ढकलणारा पिस्टन बाहेर येत जातो. पट्टीपर्यंत गोष्ट गेली म्हणजे तो त्याच्याभोवतीच्या रबरी सीलच्या काठाजवळ पोचलेला असतो. आणि मधला लायनरचा थर गेल्यामुळे डिस्कची उष्णता सरळ पिस्टनमधून ब्रेक ऑइलमध्ये उतरते. डॉट ३ प्रकारचं नवीन ऑइल कमीत कमी २०५ अंश सेल्सिअसपर्यंत तग धरतं, पण हे ऑइल हवेतला ओलावा शोषतं आणि ओलावलेल्या ऑइलचा उत्कलनबिंदू १४० अंशांच्या आसपास येऊ शकतो. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. ऑइल दाबलं जात नाही, वाफ मात्र दबते. मग पेडल तळाला जातं आणि गाडी पुढे जातच राहते. ही गाडी दुरुस्त होईपर्यंत एसटीने जा.

आता तुमच्या वर्णनातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली गोष्ट. पॅड दोन्ही चाकांचे एकाच दिवशी बदलले, आणि संपले फक्त डावीकडचे. घाटात पॅड लवकर झिजतात हे खरं, पण घाट दोन्ही चाकांना सारखाच असतो. एकाच बाजूचा पॅड वर्षभरात पट्टीपर्यंत गेला असेल, तर पॅड झिजणं हा परिणाम आहे. दोष बहुधा त्या बाजूच्या कॅलिपरमध्ये, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या पकडीत आहे. तो न शोधता नवे पॅड आणि नव्या डिस्क बसवल्या, तर पुढच्या पावसाळ्यानंतर तुम्ही हाच प्रश्न पुन्हा विचाराल.

कॅलिपरचं काम कसं चालतं ते समजून घेतलं की बाकीचं तुम्हाला स्वतःच दिसेल. अशा छोट्या गाड्यांच्या पुढच्या कॅलिपरला एकच पिस्टन असतो, तोही आतल्या बाजूला, म्हणजे इंजिनाकडे. पेडल दाबलं की पिस्टन आतला पॅड डिस्कवर ढकलतो. त्याच जोराच्या प्रतिक्रियेने अख्खा कॅलिपर दोन गाइड पिनांवरून आत सरकतो आणि बाहेरचा पॅड डिस्कला आणून लावतो. पेडल सोडल्यावर मागे ओढायला तिथे स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती चौकोनी छेदाचं रबरी सील असतं. पिस्टन पुढे जाताना ते किंचित पिळलं जातं आणि दाब गेला की सरळ होताना पिस्टनला केसभर मागे घेतं. पॅड सुटतो तो एवढ्याशा हालचालीने. गाइड पिन सुकल्या, पिनांवरचं रबर फाटून आत पाणी गेलं, पिस्टनवर गंज चढला किंवा ब्रॅकेटमध्ये (पॅड धरून ठेवणाऱ्या चौकटीत) पॅडचे कान, म्हणजे दोन्ही टोकांचे खोबणीत बसणारे भाग, अडकले, की ही केसभर हालचाल बंद होते. मग पेडल सोडलं तरी पॅड डिस्कला टेकलेलाच राहतो आणि किलोमीटरमागून किलोमीटर झिजत जातो. कोकणातला पाऊस, खारी हवा आणि लाल चिखल यांत हे फार लवकर होतं. कॅलिपरच्या पिना काढून ग्रीस न करता नुसते पॅड बदलून दिलेल्या गाड्या माझ्याकडे पावसाळ्यानंतर सतत येतात, आणि जवळजवळ प्रत्येकीत एकच बाजू खाल्लेली असते.

चाक काढण्याआधी आवाज नीट ऐका. खिडक्या खाली करून, एका बाजूला भिंत असलेल्या रस्त्यावर अगदी हळू गाडी चालवा. भिंतीवरून आवाज परत येतो आणि कुठल्या बाजूचा ते कळतं. हे सपाट आणि रिकाम्या रस्त्यावरच करा. पेडल दाबल्यावरच खरखर येत असेल आणि जोर वाढवला की वाढत असेल, तर पॅड-डिस्कचाच प्रश्न आहे. पेडल न दाबता सतत बारीक किरकिर येत असेल आणि हलका ब्रेक लावल्यावर ती बदलत किंवा थांबत असेल, तर बऱ्याच पॅडवर असलेली इशारा देणारी पोलादी पट्टी डिस्कला लागायला लागली असावी. म्हणजे लायनर दोन-तीन मिलिमीटरच उरलं आहे. तुमच्या पॅडने हा इशारा आधी दिला असेलही, पण खिडक्या बंद आणि गाणी चालू असली की तो ऐकू येत नाही. शिवाय स्वस्त पॅडना ही पट्टी बऱ्याचदा नसतेच.

पेडलशी अजिबात संबंध नसलेला, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याबरोबर येणारा पत्र्याचा आवाज असेल तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या मध्ये खडा अडकला असण्याची शक्यता मोठी. महामार्गाच्या कामाच्या पट्ट्यातून किंवा खडीच्या रस्त्यावरून आल्यानंतर हे हमखास होतं. गाडी थोडी मागे घेतली की खडा कित्येकदा आपोआप पडतो. नाही पडला तर चाक काढून स्क्रूड्रायव्हरने पत्रा जरासा बाहेर ओढायचा, खडा निघतो, खर्च शून्य. या एका खड्यापायी लोकांनी पॅडचे सेट बदललेले मी पाहिले आहेत.

वेगाबरोबर वाढणारी, ब्रेकशी संबंध नसलेली घरघर असेल आणि स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावर ती कमी-जास्त होत असेल, तर बेअरिंग बघा. उजवीकडे वळताना वजन डाव्या चाकावर येतं, म्हणून तेव्हा आवाज वाढला तर डावं बेअरिंग. रात्रभर पावसात उभ्या असलेल्या गाडीचे सकाळचे पहिले चार-पाच ब्रेक खरखरत असतील आणि नंतर आवाज जात असेल, तर तो डिस्कवरचा वरवरचा गंज आहे. ओतीव लोखंड एका रात्रीत तांबूस होतं आणि पॅड ते पुसून टाकतात. त्याला काही करायचं नाही. गाडीला एबीएस (ब्रेक लावताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) असेल तर खडीवर जोरात ब्रेक लावल्यावर पायाखाली थरथर आणि करकर जाणवते. ती यंत्रणा आपलं काम करत असते, तोही दोष नाही.

मागून आवाज येतोय अशी शंका असेल तर आणखी एक परीक्षा आहे. रिकाम्या सरळ रस्त्यावर वीसच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरूनच हँडब्रेक हलकासा ओढा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांवर काम करतो. तेव्हा खरखर आली तर ती मागच्या ड्रममधली, म्हणजे मागच्या चाकांच्या डबीसारख्या ब्रेकमधली. ओल्या रस्त्यावर हे करू नका.

अजून दोन गोष्टी चाक न काढता कळतात. एक, बॉनेट उघडून ब्रेक ऑइलच्या बाटलीतली पातळी बघा. पॅड झिजले की पिस्टन बाहेर येतात आणि तेवढं ऑइल खाली उतरतं, म्हणून पातळी हळूहळू कमी झाली असेल तर ती पॅड संपल्याची खूण असू शकते. अशा वेळी नुसतं वरून ऑइल टाकून गप्प बसू नका. झपाट्याने उतरत असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि मग घरच्या दुरुस्तीचा विषयच संपला. दोन, सपाट रस्त्यावर आठ-दहा किलोमीटर जाऊन या, शक्यतो ब्रेक कमी लावत, आणि थांबल्यावर दोन्ही पुढच्या चाकांच्या रिमजवळ हात न्या. रिमला किंवा डिस्कला हात लावायचा नाही, नुसती धग बघायची. एक बाजू स्पष्ट जास्त तापलेली असेल, जळका वास येत असेल, तर तिथला पॅड सुटत नाही. तुमच्या गाडीत मला हेच सापडण्याची अपेक्षा आहे. मात्र आवाज जर आत्ताच लोखंडाचा असेल तर ही फेरीही मारू नका, सरळ चाक काढा.

कामाला बसण्याआधी जागा. सपाट आणि कडक जमीन हवी, अंगणातली माती नको. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, गाडी गिअरमध्ये ठेवा. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करा. गाडीबरोबर आलेला जॅक फक्त उचलण्यासाठी असतो, त्याच्या भरवशावर गाडी ठेवून काम करायचं नाही. एक्सल स्टँडची (उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या घोड्यांची) जोडी विकत घ्या; ज्याला वर्षातून दोनदा जरी चाक काढायचं असेल त्याने ती घेतलीच पाहिजे. स्टँड लावल्यावरही काढलेलं चाक आडवं करून गाडीच्या काठाखाली सरकवून ठेवा आणि अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नेऊ नका. या कामाला खाली जावं लागतही नाही.

हत्यारं फार लागत नाहीत. चाकाचा पाना, कॅलिपरच्या बोल्टसाठी रिंग पाने किंवा गोटी पाने (बहुतेक छोट्या गाड्यांना १२ किंवा १४ चा, ब्रॅकेटला १७ चा), मोठा सी-क्लॅम्प, तारेचा ब्रश, पॉलिश पेपर, ब्रेक क्लीनरचा स्प्रे, कॅलिपरच्या पिनांसाठीचं सिलिकॉन ग्रीस, व्हर्निअर (जाडी मोजायचं माप), जाड तार आणि मास्क. मास्क टाळू नका. ब्रेकची भुकटी फुप्फुसाला वाईट असते आणि काही पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ती फुंकायची नाही, हवेच्या पाइपने उडवायची तर मुळीच नाही. क्लीनरने ओली करून फडक्याने टिपून घ्या. पेट्रोल, डिझेल, रॉकेलने ब्रेक धुण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी आहे. डिझेल आणि रॉकेलचा तेलकट थर डिस्कवर राहतो आणि ही सगळीच इंधनं ब्रेकचं रबर फुगवतात. त्यांना या कामात जागा नाही.

एका वेळी एकच बाजू उघडा. दुसरी बाजू जोडलेली असली की काय कुठे होतं ते बघायला नमुना समोर राहतो. आणि दोन्ही कॅलिपर एकदम उघडे ठेवून एकाचा पिस्टन दाबलात तर दुसरीकडचा बाहेर येऊ शकतो.

चाक काढलं की कॅलिपरची मागची बाजू समोर येईल असं स्टिअरिंग वळवून घ्या. खालच्या पिनचा बोल्ट काढला की बहुतेक कॅलिपर वरच्या पिनवर दारासारखे वर फिरतात आणि पॅड मोकळे होतात. पूर्ण कॅलिपर काढायचा असेल तर तो तारेने सस्पेन्शनच्या स्प्रिंगला टांगा. ब्रेकच्या रबरी नळीवर त्याचं वजन एक मिनिटही येऊ देऊ नका. नळी बाहेरून चांगली दिसते आणि आतून फाटते.

आता पॅड हातात घ्या. खरं निदान इथे होतं, म्हणून इथे घाई करू नका. आतला आणि बाहेरचा, दोन्ही पॅड शेजारी ठेवा. नव्या पॅडचं लायनर साधारण दहा मिलिमीटर असतं, दोन-तीनवर आलं की बदलायचं. दोन्ही सारखे संपलेले असतील तर ती साधी झीज. आतला पॅड संपलेला आणि बाहेरचा जाड राहिलेला असेल तर आधी पिस्टनवर संशय घ्या, तो मागे जात नाहीये. पण पिना पूर्ण अडकल्या असतील तरीही सगळा भार आतल्या पॅडवरच येतो, म्हणून दोन्ही तपासा. बाहेरचा पॅड जास्त झिजला असेल तर बहुधा पिना. एकच पॅड एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड, पाचरीसारखा झिजला असेल तर दोनपैकी एक पिन जाम आहे. पॅड ब्रॅकेटमधून निघतानाच पकडीने ओढावा लागला, तर त्याचे कान गंजात रुतलेले होते हे सांगायला आणखी पुरावा नको.

पिना एकेक करून बाहेर ओढा. चांगली पिन दोन बोटांनी निघते. वरची आणि खालची पिन कित्येक गाड्यांत वेगळी असते, एकीला खाच किंवा रबराची बाही असते, म्हणून कुठली कुठून निघाली ते लक्षात ठेवा आणि अदलाबदल करू नका. जुनं काळं ग्रीस पूर्ण पुसा, भोक आतूनही स्वच्छ करा. पिनवर हलका गंज असेल तर बारीक पॉलिश पेपरने जातो. खड्डे पडले असतील तर पिन आणि रबरी बूट (पिनवरचं रबराचं आवरण) नवीन घ्या, महाग नसतात. मग सिलिकॉन ग्रीसचा पातळ थर. भोक भरेल एवढं ग्रीस कोंबलं तर आत हवा अडकते आणि पिन परत बाहेर ढकलली जाते. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस इथे चालत नाही, पेट्रोलियमचं ग्रीस या रबराला फुगवतं आणि फुगलेलं रबर पिन पुन्हा जाम करतं. तुमच्या गाडीत गेल्या वर्षी असं काही झालं असेल तर बूट दाबून बघितल्यावर ते मऊ, चिकट आणि सैल लागेल.

ब्रॅकेटवरच्या स्टीलच्या क्लिपा काढा. त्यांच्याखाली गंजाचे पापुद्रे साठतात, क्लिप वर उचलली जाते आणि पॅडची जागा अरुंद होते. तारेच्या ब्रशने आणि कानसीने तो गंज पूर्ण काढून क्लिपा परत बसवा, शक्यतो नव्या. नवा पॅड त्या जागेत हाताने, न ठोकता, सहज सरकला पाहिजे. हे दहा मिनिटांचं काम आहे आणि गॅरेजमध्ये घाईच्या वेळी पहिल्यांदा तेच राहतं.

पिस्टनची तपासणी. बाटलीचं झाकण सैल करा, ऑइल काठोकाठ असेल तर सिरिंजने थोडं काढा, कारण पिस्टन मागे जाताना ते वर चढतं. ऑइल रंगावर सांडलं तर रंग सोलून निघतो, लगेच पाण्याने धुवा. जुना पॅड पिस्टनवर ठेवून सी-क्लॅम्प हळूहळू आवळा. चांगला पिस्टन एकसारख्या, बेताच्या जोराने मागे जातो. जात नसेल तर जोर वाढवू नका. ब्लीडिंग निपलला (कॅलिपरवरच्या हवा काढण्याच्या छोट्या स्क्रूला) पारदर्शक नळी लावून निपल थोडा उघडा आणि मग दाबा. आता सहज गेला तर पिस्टन ठीक आहे, वरची रबरी नळी आतून बुजली आहे. ती ऑइल पायाच्या जोराने पुढे जाऊ देते पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही पिस्टन हलत नसेल तर तो कॅलिपरमध्येच गंजला आहे. क्लॅम्प लावलेला असतानाच निपल बंद करा, नाहीतर हवा आत जाईल.

इथे मी रेघ ओढतो. पिना, क्लिपा, पॅड, डिस्क हे घरी करा. नळी बदलणं, कॅलिपर खोलून सील बदलणं आणि त्यानंतरची हवा काढणं हे ज्याने आधी कुणाच्या हाताखाली केलेलं नाही त्याने एकट्याने पहिल्यांदा घाटात चालणाऱ्या गाडीवर करू नये. तेवढं काम गॅरेजवाल्याकडून समोर उभं राहून करून घ्या. ज्या गाड्यांना मागेही डिस्क आहेत त्यांतल्या काहींचे पिस्टन फिरवत आत घालावे लागतात, आणि इलेक्ट्रिक हँडब्रेक असेल तर तो आधी सर्व्हिस मोडमध्ये न्यावा लागतो. तिथे सी-क्लॅम्प लावला तर यंत्रणाच तुटते. तुमच्या वॅगनआरला मागे ड्रम आहेत, त्यामुळे तो प्रश्न नाही.

आता डिस्क. गॅरेजवाले दोन्ही डिस्क बदला म्हणाले, ते चुकीचं असेलच असं नाही, पण मोजल्याशिवाय कुणी तसं सांगू नये. डिस्कच्या कडेवर किंवा मधल्या टोपीवर तिची किमान जाडी मिलिमीटरमध्ये कोरलेली असते. गंज घासून तो आकडा वाचा. मोजताना एक अडचण येते. पॅड जिथे पोचत नाही तिथे बाहेरच्या काठाला ओठ उरलेला असतो, आणि व्हर्निअर त्या ओठाचीच जाडी दाखवतं. दोन्ही बाजूंना झिजलेल्या भागावर एकेक नाणं धरा, नाण्यांसकट मोजा आणि दोन्ही नाण्यांची जाडी वजा करा. तीन-चार ठिकाणी माप घ्या आणि सगळ्यात कमी आलेलं धरा. किमान आकड्याच्या खाली गेली असेल तर डिस्क गेली, तिथे चर्चा नाही.

जाडी शिल्लक असेल तर पृष्ठभाग बघा. बारीक रेघा प्रत्येक वापरलेल्या डिस्कवर असतात. नख आडवं फिरवल्यावर अडकत असेल असे चर असतील, निळसर डाग असतील, बारीक तडा असेल, तर ती नको. लेथवर डिस्क घासून घेण्याचा पर्याय लोक विचारतात. छोट्या गाड्यांच्या डिस्क मुळात पातळ, त्यातून घासल्यावर किमान जाडीच्या वर पुरेसं काही उरत नाही, आणि पातळ डिस्क घाटात लवकर तापते. म्हणून मी तुमच्या वापरासाठी लेथ सुचवत नाही. पॅडच्या मागची पोलादी पट्टी डाव्या डिस्कला बरेच दिवस लागली असेल तर ती बदलावी लागेल असं धरून चला. आणि एक बदलायची तर उजवीसुद्धा बदला. नवी आणि झिजलेली डिस्क एकाच एक्सलवर असली की दोन्ही बाजूंची पकड सारखी राहत नाही, आणि ओल्या उतारावर गाडी एका बाजूला ओढते. पण आवाज नुकताच सुरू झाला असेल, नखाला काही लागत नसेल आणि माप भरत असेल, तर फक्त पॅड बदलून डिस्क ठेवा. तेवढे पैसे वाचवण्यात काही गैर नाही.

पॅड मात्र दोन्ही चाकांचे एकदमच, उजवीकडचे चांगले दिसत असले तरी. कंपनीच्या अधिकृत दुकानातून किंवा नावाजलेल्या ब्रेक कंपनीचे घ्या आणि बिल मागा. बनावट पाकिटांचा बाजार ब्रेकच्या मालात मोठा आहे. काही पॅडच्या कडेवर एक कोड छापलेला असतो आणि त्याची शेवटची दोन इंग्रजी अक्षरं थंड आणि तापलेल्या अवस्थेतली पकड सांगतात. 'ई' पेक्षा 'एफ' जास्त पकडीचा, 'जी' त्याहून जास्त. 'एफएफ' असेल तर तापल्यावरही पकड त्याच पट्ट्यात राहते, घाटासाठी तेच बघा.

नवी डिस्क बसवण्याआधी हबवरचा (डिस्क आणि चाक ज्यावर बसतं त्या भागावरचा) गंज तारेच्या ब्रशने लख्ख करा. गंजाचा एक कण जरी मध्ये राहिला तरी डिस्क किंचित वाकडी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरू लागतं. नव्या डिस्कवर गंजरोधक तेल असतं, ते ब्रेक क्लीनरने दोन्ही बाजूंनी पुसा. पॅडच्या पाठीवर आणि कानांवर ब्रेकसाठीचं ग्रीस अगदी पुसट लावा. लायनरला आणि डिस्कला तेलकट बोटही लागता कामा नये. इशारा पट्टी असलेला पॅड जुन्या जागीच, बहुधा आतल्या बाजूला. बोल्ट टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने) मॅन्युअलप्रमाणे आवळा. चाकाचे नट अशा छोट्या गाड्यांना साधारण ८५ ते १०० न्यूटन-मीटर, समोरासमोरचे आळीपाळीने. पान्यावर उभं राहून आवळू नका.

मग गाडी हलवण्याआधी, इंजिन बंद असतानाच, पेडल हळूहळू दाबत राहा, कडक होईपर्यंत. तुम्ही पिस्टन आत दाबलेत, त्यामुळे पहिल्या काही दाबांना पेडल सरळ तळाला जाणार. हे विसरून गाडी रिव्हर्समध्ये टाकणारे लोक अंगणातल्या भिंतीवर जाऊन थांबतात. बाटलीतली पातळी पाहून झाकण घट्ट लावा. ऑइल दोन वर्षांपेक्षा जुनं असेल तर ते बदलून घ्या, कोकणातल्या दमट हवेत त्याला त्याहून जास्त ठेवू नका. मॅन्युअलमध्ये परवानगी असेल तर डॉट ४ घाला, त्याचा उत्कलनबिंदू नवीन असताना २३० अंशांच्या वर असतो. सिलिकॉनचं डॉट ५ यात मिसळायचं नाही.

नवे पॅड पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत. रिकाम्या सपाट रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम जोराने ब्रेक, पूर्ण न थांबता, असं आठ-दहा वेळा करा, मध्ये अर्धा मिनिट गाडी चालू देऊन हवा लागू द्या. संपल्यावर तापलेल्या डिस्कवर पेडल दाबून उभे राहू नका. हे झाल्याशिवाय कुंभार्लीत जायचं नाही. आणि घाटात ज्या गिअरने चढता त्याच गिअरने उतरा. ब्रेक अधूनमधून, ठाम आणि थोडा वेळ लावा. पाय पेडलवर टेकवून ठेवलात तर नवे पॅडसुद्धा पायथ्यापर्यंत धूर काढतील. उतरल्यावर ढाब्यावर तापलेल्या चाकांवर पाणी ओतणारे दिसतात. तसं करू नका, तापलेलं ओतीव लोखंड एकदम गार केलं तर तडकू शकतं.

मागच्या ड्रमचंही या निमित्ताने एकदा बघून घ्या. ड्रम काढला (अडकला असेल तर त्यावरच्या दोन आटे असलेल्या भोकांत योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे आळीपाळीने आवळले की तो सुटतो) की ब्रेक शूचं (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्यांचं) लायनर आणि शूंना बाहेर ढकलणारा व्हील सिलिंडर दिसतो. सिलिंडरच्या रबराची कड उचलून आत ओल दिसली तर तो गळतोय, गॅरेजमध्ये जा. मागचे शू काम करत नसतील तर सगळा भार पुढे येतो आणि पुढचे पॅड लवकर जातात. पावसाळ्यात गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर सपाट जागी हँडब्रेक न ओढता गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला दगड लावा, म्हणजे शू ड्रमला चिकटणार नाहीत.

काम झाल्यावर दोन आठवड्यांनी, घाटाच्या एक-दोन फेऱ्या झाल्या की, दोन्ही पुढच्या चाकांची धग पुन्हा हाताने ताडून बघा आणि चाकाचे नट तपासा. पाचशे-हजार किलोमीटरनंतर दोन्ही चाकं काढून चारही पॅडची जाडी मोजून लिहून ठेवा. चारही आकडे जवळपास सारखे असतील तर कॅलिपर मोकळा झाला आहे. डावीकडचा आतला पॅड एवढ्यातच इतरांपेक्षा मिलिमीटरभर मागे पडला असेल, तर पिना साफ करून भागलेलं नाही, पिस्टन किंवा नळी राहिली आहे. तेव्हा पॅड संपायची वाट न बघता तो कॅलिपर खोलायला द्या.